अक्कांचा खडा

आमच्या ऑफिसात एक काळी छत्री होती, लाकडी मुठीची, जुन्या घडणीची. पाऊस असो वा नसो, ती कुणाच्या तरी टेबलावर असायचीच. ज्याच्या टेबलावर छत्री, त्यानेच आपला कोड कणगीत टाकायचा आणि बाकीच्यांनी हात आवरून बसायचं, असा अक्कांचा कायदा होता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळायचा, ओळखपत्र मिळायचं आणि हा कायदा ऐकवला जायचा. त्याला वाटायचं, नवखा म्हणून आपली फिरकी घेतायत. दुपारपर्यंत त्याला कळून चुकायचं की इथे कुणीच हसत नाहीये.

आमचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. हेड ऑफिस पुण्याला. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सकाळ-संध्याकाळ दूध आलं की त्याचं माप, फॅट, दर आणि शेवटी हातात पडणारी पावती, हे सगळं त्या सॉफ्टवेअरवर चालतं. डझनभर माणसं एकाच सॉफ्टवेअरवर काम करत असली की प्रत्येकाने लिहिलेला कोड शेवटी एका सामाईक जागी नेऊन एकत्र करावा लागतो. या जागेला धंद्यात रेपो म्हणतात. अक्का तिला कणगी म्हणायच्या, आणि त्यांच्यामुळे आम्हीही. दोघांनी एकाच वेळी कणगीत हात घातला की एकाचं धान्य दुसऱ्याच्या धान्यावर सांडतं आणि मग निवडत बसायला दिवस जातो. यावर जगभरात हुशार माणसांनी हुशार उपाय काढलेत. ते अक्कांना सगळे ठाऊक होते, आणि ते सगळे वापरून झाल्यावर त्यांनी छत्री आणली होती.

एकदा जुलैमध्ये आमच्या सुहासने घोळ घातला. सुहास शिरोळचा. संध्याकाळी पावसाचा जोर बघून त्याने टेबलावरची छत्री उचलली आणि गावी गेला. रात्रीत कृष्णा वाढली, रस्ता पाण्याखाली गेला, आणि सुहास छत्रीसकट शिरोळात अडकला. इकडे आम्ही सगळे कोड लिहून तयार, पण टाकायचा कसा?

आमचे मॅनेजर स्वभावाने गरीब. ते अक्कांना म्हणाले, "मी बाजारातून दुसरी छत्री आणतो."

"दुसरी आणलासा तर दोघं घुसतील की," अक्का म्हणाल्या. "मग छत्री कशापायी हाय?"

शेवटी सुहासला फोन लावला. तो गच्चीवर उभा राहून गावातल्या पाण्याकडे बघत होता. अक्कांनी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि त्याला छत्री मिटायला सांगितली. "मिटली म्हण, मोठ्यानं," त्या म्हणाल्या. पलीकडून पावसाच्या आवाजात सुहास ओरडला, "मिटली, अक्का." मग अक्कांनी माझ्या टेबलावर एक फूटपट्टी आणून ठेवली आणि म्हणाल्या, पाणी उतरेपर्यंत ही छत्री.

हसू नका. त्या आठवड्यात आमच्याकडे एकही भांडण झालं नाही.

अक्का आमच्या टेस्टिंगच्या प्रमुख. गाव नेसरी. तिकडे कर्नाटकाच्या अंगाला थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि ऑफिसात कुणीतरी पहिल्यांदा तशी हाक मारली ती कायमची चिकटली. इंजिनिअर होत्या, बंगळुरात मोठ्या कंपनीत वीसेक वर्षं काढून परत आल्या होत्या, आणि कुणी त्यांना साध्यासुध्या समजून बोलायला गेलं तर त्याच्या गैरसमजाचं त्याच दिवशी निरसन व्हायचं. सुती साडी आणि पायात पळायचे पांढरे बूट असा त्यांचा वेष. परदेशातल्या माणसाशी फोनवर अशा गुळगुळीत इंग्रजीत बोलायच्या की ऐकत राहावं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "याला काय बी कळालं न्हाय. मी परत सांगतो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. बंगळुरात राहूनही अक्कांचं ते सुटलं नव्हतं आणि सुटावं अशी त्यांची इच्छाही नव्हती.

अक्का नव्या माणसाला नावाने हाक मारत नसत. तो पावणं. "पावणं, तुमचा कोड काय करतोय ते जरा सांगा की." त्या पावण्याने हातून काहीतरी मोडलं आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं की दुसऱ्या दिवशीपासून त्याला नाव मिळायचं. एक मुलगी फार सावध होती. तिच्या हातून काही मोडेचना. वर्ष होत आलं तरी ती पावणंच. शेवटी बिचारीने एके दिवशी पावतीची छपाई उलटी केली, मग सुलटी केली, आणि अक्कांसमोर जाऊन उभी राहिली. अक्कांनी तिला मुद्दाम मोडल्याबद्दल बोल लावला आणि दुरुस्त केल्याबद्दल नावाने हाक मारली.

मी स्वतः त्यांच्याकडे आले ती पुण्यात चार वर्षं नोकरी करून. नवऱ्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, मुलगी शाळेत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. कोल्हापुरात राहून हे काम करायला मिळतंय, संध्याकाळी सहाला घरी पोचता येतंय, याचं मला किती अप्रूप होतं ते सांगून कळणार नाही. पुण्यात मुलगी माझ्याजवळ होती, पण मी तिला झोपलेलीच बघायचे.

आता खड्याकडे येते.

सुहासने आमच्यासाठी एक सोय उभी केली होती. कुणीही कणगीत कोड टाकला की एक मशीन आपण होऊन तो नवा कोड घेऊन यायचं, त्याच्यावर पाच-सातशे तपासण्या चालवायचं, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निकाल दाखवायचं. सगळं पास झालं की हिरवं. एक जरी तपासणी पडली तरी लाल. पूर्वी जे काम अक्का आणि त्यांची दोन माणसं दोन दिवस बसून करायची ते दहा मिनिटांत व्हायला लागलं. सुहासला त्या मशीनचं फार कौतुक होतं. सकाळी आला की आधी त्याच्याकडे बघायचा, मग आमच्याकडे.

अक्कांनाही ते आवडलं होतं. पण हिरव्या रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. "हिरवं दिसलं की जनावर तोंड घालतंय," त्या म्हणायच्या. "माणसानं जरा थांबावं."

म्हणून दर शनिवारी, जेवायच्या आधी, त्या छत्री आपल्या टेबलावर ओढून घ्यायच्या आणि कोडमध्ये मुद्दाम एक चूक करून ती कणगीत टाकायच्या. नंतर हातातलं काम सोडून पडद्याकडे बघत बसायच्या. मशीन लाल झालं की "घावला" म्हणून चूक काढून घ्यायच्या आणि डबा उघडायच्या. याला त्या खडा टाकणं म्हणायच्या. नेसरीला लहानपणी त्या आणि त्यांच्या बहिणी तांदूळ निवडायला बसल्या की त्यांची आई निवडलेल्या तांदळात स्वतःच्या मुठीतले चार काळे खडे टाकायची आणि सूप परत पुढ्यात सरकवायची. ते चारही खडे परत मिळाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. "आई म्हणायची, तांदळात खडं न्हाईत हे मला सांगू नका. तुमचं डोळं जागं हाईत का ते दाखवा." अक्का हे सांगताना स्वतःच खूष व्हायच्या.

सुहासला हा प्रकार अपमानाचा वाटायचा. "अक्का, मशीनवर संशय घेताय तुम्ही," तो म्हणायचा.

"मशीनवर न्हाय बाबा, तुझ्यावर," अक्का म्हणायच्या, आणि भाकरीवर ठेचा घालून त्याच्यापुढे धरायच्या.

मग ते वर्ष आलं ज्यात पुण्याने लहान ऑफिसं बंद करायला घेतली. नाशिकचं बंद झालं. तिथल्या माणसांना सांगितलं, पुण्याला या नाहीतर राम राम. आमचा नंबर लागणार की नाही हे बघायला पुण्याच्या मोठ्या मॅडम दिवाळीआधी येणार होत्या. ऑफिसात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, पण प्रत्येक जण हिशेब करत होता. सुहासचे आईवडील आणि ऊस शिरोळात. माझं सगळंच उद्यमनगरात. नवऱ्याने एकदा जेवताना विचारलं, पुण्याला लेथ न्यायला ट्रक किती लागतील. तो चेष्टेत म्हणाला होता, पण मी ताट उचलून आत गेले.

त्यातच अक्का रजेवर गेल्या. त्यांच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, आणि नेसरीला घरात दुसरं माणूस नव्हतं. त्या महिना-दीड महिना नव्हत्या, आणि त्या काळात आमच्या भिंतीवर एकदाही लाल आलं नाही. दिवसेंदिवस हिरवं. आधी बरं वाटलं, मग अभिमान वाटायला लागला. पुण्याहून शाबासकीचा फोन आला. कोल्हापूरची पद्धत इतकी पक्की आहे म्हटल्यावर पुण्याने तीच आपल्या सगळ्या ऑफिसांत बसवल्याचंही त्यांनी सांगितलं. मॅनेजरांनी पेढे आणले. मी देवासमोर हात जोडले, आता ऑफिस वाचतंय म्हणून.

अक्का परत आल्या त्या शनिवारी. मॅडम येणार होत्या मंगळवारी. आम्ही अक्कांना पेढा दिला, हिरवी भिंत दाखवली, सुहासने छाती काढून सगळं सांगितलं. अक्कांनी पेढा खाल्ला.

"खडा कोण टाकालतं?" त्यांनी विचारलं.

कुणीच टाकला नव्हता. अक्कांनी बूट काढले, खुर्चीवर मांडी घातली, छत्री मागवली आणि कोडमध्ये एक ओळ बदलली. म्हशीच्या दुधाला गायीचा दर लागेल अशी. कोल्हापूर जिल्ह्यात याहून मोठी चूक नाही. आमची सगळ्यात पहिली, सगळ्यात जुनी तपासणी होती ती याचीच. त्यांनी ती ओळ कणगीत टाकली आणि आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो.

हिरवं.

"काहीतरी राहिलं असेल," सुहास म्हणाला. अक्कांनी दुसरा खडा टाकला, पहिल्यापेक्षा मोठा. जिच्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच होत नाही अशी एक अख्खी फाइल उडवली. दहा मिनिटं गेली. खालून बेकरीचा वास येत होता.

हिरवं.

अक्कांना हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते, खरोखर मजा वाटल्यासारखं होतं. "सुहास," त्या म्हणाल्या, "तुझं मशीन कुणाचं दूध तपासालंय?"

सुहासने तासाभरात शोधून काढलं. झालं होतं असं. पुण्याने मध्यंतरी कणगीच्या किल्ल्या बदलल्या होत्या, म्हणजे कोड आणायला लागणारे पासवर्ड. आम्हा माणसांना नव्या किल्ल्या मिळाल्या. मशीनला द्यायची कुणाला आठवणच झाली नाही. तेव्हापासून मशीन रोज कणगीच्या दारापर्यंत जायचं, दार उघडायचं नाही, आणि ते परत येऊन आपल्याजवळ पडलेला जुनाच कोड तपासायचं. जुना कोड चांगलाच होता, त्यामुळे निकाल हिरवा. आम्ही महिनाभर जे लिहीत होतो त्याला कुणी हातही लावला नव्हता.

पण दार उघडलं नाही तर मशीनने लाल व्हायला नको होतं का? व्हायला हवं होतं. तिथेच आमची खास कोल्हापुरी करामत होती. पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं इंटरनेट सारखं जायचं. नेट गेलं की मशीनला नवा कोड मिळायचा नाही, भिंत लाल व्हायची, आणि नेट परत आलं की तो लाल ठिपका पुण्यात बसून त्यांना दिसायचा. मग फोन, मग स्पष्टीकरणं. म्हणून सुहासने, मॅनेजरांना विचारून, मशीनला एक सूचना देऊन ठेवली होती. नवा कोड नाही मिळाला तर बोंब मारू नको, जुन्यावर काम चालव. पुण्यासमोर लाज जाऊ नये म्हणून केलेली सोय होती ती, आणि आम्ही तिच्याविषयी विसरून गेलो होतो.

मॅनेजरांनी केबिनचं दार लावलं. आत ते, अक्का, सुहास आणि मी. एक गोष्ट बरी होती, ही नवी आवृत्ती अजून एकाही संस्थेत गेली नव्हती. मंगळवारच्या भेटीनंतर जायची होती.

"अक्का, मंगळवार होऊ दे," मॅनेजर म्हणाले. "त्या येतील, भिंत बघतील, जातील. बुधवारी आपण सगळं नीट करू. कुणाचं नुकसान नाही."

"माझं हाय," अक्का म्हणाल्या. "खोटं हाय ते ठाऊक असून मी त्या भिंतीपुढं उभं ऱ्हाऊन टाळ्या घेऊ?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, फार आला. मी म्हणाले, "अक्का, तुमचं काय, तुम्ही दोन वर्षांत निवृत्त व्हाल आणि नेसरीला जाल. आमचं काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणून तर मी बोलतो, पोरी. तुमाला लेकरंबाळं हाईत. तुमच्या तोंडनं निघायचं न्हाय ते, आनि निघावं असं मी म्हणत बी न्हाय. मला काय भ्याव हाय? ज्याला भ्याव न्हाय त्यानं बोलायचं असतंय."

सुहास मान खाली घालून बसला होता. अक्का उठल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "ऊठ. आधी मशीनला किल्ली दे. आनि ती सूचना काढ."

त्याने किल्ली दिली, सूचना काढली. दहा मिनिटांत भिंत लालभडक झाली. महिनाभराचं सगळं एकदम बाहेर आलं. सकाळचं दूध संध्याकाळच्या नावावर, एकाची फॅट दुसऱ्याच्या पावतीवर, काय नाही ते. रविवारी सगळे आलो, सोमवारी उशिरापर्यंत बसलो. छत्री या टेबलावरून त्या टेबलावर अशी फिरत होती की तिची एक काडी निसटली. बरंच निस्तरलं, पण सगळं काही झालं नाही. मंगळवारी सकाळी भिंत लालच होती. मॅनेजर म्हणाले, पडदा बिघडलाय म्हणून बंद करू का. अक्कांनी रिमोट आपल्या पर्समध्ये टाकला.

मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर दोघे जण लॅपटॉप घेऊन. दारातच त्या थबकल्या. पुण्याहून निघताना त्यांना गेल्या आठवड्याच्या अहवालावरून हिरवं कोल्हापूर सांगितलं होतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"हे खरं हाय," अक्का म्हणाल्या. "ह्याच्या आदी जे बघालतासा ते खोटं. बसा, पावणं. च्या सांगतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. किल्ली, सूचना, नेट, लाज, पेढे. सुहासचं नाव घेतलं नाही, मॅनेजरांचं घेतलं नाही. "आमी केलं" म्हणाल्या. मॅडमचा चेहरा चांगलाच उतरला होता. मी माझ्या टेबलाशी उभी राहून मनातल्या मनात ट्रक मोजत होते.

अक्कांचं बोलणं संपल्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे कोल्हापूरचे आकडे धरायचेच नाहीत."

"नका धरू," अक्का म्हणाल्या. "पर तुमचं धरायचं का ते बी बघू की. आमची पद्धत तुमी नेलासा न्हवं? तुमच्या कणगीत एक खडा टाका."

बरोबर आलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मॅडमनी मान हलवल्यावर एकाने लॅपटॉप उघडला. खडा अक्कांनीच सांगितला, तोच. म्हशीला गायीचा दर. पुण्याचा पडदा त्याच्या लॅपटॉपवर दिसत होता. चहा आला. बेकरीतली खारी आली. सगळं ऑफिस त्या एका लॅपटॉपभोवती गोळा झालं होतं, पावणं धरून.

हिरवं.

त्या माणसाने परत टाकलं. हिरवं. मग त्याने दुसऱ्या एका ऑफिसचं बघितलं. हिरवं. आमची करामत त्यांनी जशीच्या तशी उचलली होती, सूचनेसकट आणि जुन्या कोडसकट, आणि नवी किल्ली त्यांच्याही मशीनला कुणी दिली नव्हती.

मॅडमनी खारी चहात बुडवली आणि विचारलं, "हे खडा टाकणं तुम्ही कधीपासून करताय?"

"आई शिकवली," अक्का म्हणाल्या.

आमचं ऑफिस वाचलं. त्या दिवशी नाही, दिवाळी झाल्यावर कळलं. कंपनीच्या सगळ्या ऑफिसांच्या मशीनवर लक्ष ठेवायचं काम कोल्हापूरला आलं, आणि दर शनिवारी सगळीकडे खडा टाकायचं कामही. मॅनेजर अजून म्हणतात की त्यांनी पुण्याला नीट समजावून सांगितलं म्हणून हे झालं. आम्ही त्यांना तसं म्हणू देतो. बातमी कळली त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, ट्रक नको. तो म्हणाला, कसला ट्रक? तो विसरूनही गेला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले आणि मग कांदा चिरायला घेतला, म्हणजे कुणी विचारायला नको.

अक्कांनी भिंतीवरचा पडदा मात्र काढायला लावला. त्याच्याकडे बघून बघून डोळं हिरवं झाल्यात म्हणाल्या. त्याऐवजी काही लाल झालं की आमच्या फोनवर संदेश यायला लागला, कुठली तपासणी पडली तिच्या नावासकट. हिरव्याचा संदेश नाही. हिरव्याचं काय कौतुक, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला तांबडा-पांढरा रस्सा झाला, भाषणं झाली. सुहास बोलायला उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना, तेव्हा अक्का खालून म्हणाल्या, "मिटली म्हण, मोठ्यानं," आणि तो हसत हसत खाली बसला. छत्री त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. जाताना जिन्यात वळून म्हणाल्या, "एक खडा ठेवून चाललोय. हुडका."

आम्ही शोधला. कोड पालथा घातला, तपासण्या परत परत चालवल्या. काही सापडेना. पण पुढचा आठवडा मोठा छान गेला. एकदाही लाल नाही. सुहास म्हणाला, अक्का गेल्या आणि आपण सुधारलो बघा.

मग शनिवारच्या खड्याआधीच एका दुपारी नेसरीहून फोन आला. मागे म्हैस ओरडत होती.

"काय गं, सकाळपास्नं लाल हाय. कोण बघालंय?"

"लाल नाही अक्का," मी म्हणाले. "फोनवर काहीच आलं नाही."

"तुझ्या फोनवर न्हाय. माझ्या फोनवर आलंय."

जायच्या दिवशी त्यांनी संदेशांच्या यादीतून आमची सगळ्यांची नावं काढली होती आणि एकटं स्वतःचं ठेवलं होतं. तो खडा.

"लाल येत न्हाय म्हंजे बरं चाललंय, असं परत समजलासा न्हवं?" अक्का म्हणाल्या. "आता घाल सगळ्यांची नावं. आनि माझं काढ."

आमची नावं मी लगेच घातली. त्यांचं काढायचं अजून राहिलंय. पुण्याहून मधूनमधून विचारणा होते, सोडून गेलेल्या माणसाचं नाव यादीत कसं. मी बघते म्हणून सांगते. त्यामुळे काही लाल झालं की आम्ही खुर्चीतून उठायच्या आत नेसरीहून फोन येतो. शनिवारी मी खडा टाकते तेव्हाही येतो. "म्हशीला परत गाय केलीस व्हय?" विचारतात, आईच्या डोळ्यांचं सांगतात, माझ्या मुलीचं विचारतात आणि ठेवतात.

परवाच्या शनिवारी मी खडा टाकला. लाल झालं. सगळ्यांचे फोन वाजले. मी खडा काढून घेतला आणि डबा उघडून बसले. नेसरीचा फोन आला नाही. रेंज नसेल, असं सुहास म्हणाला. बाजाराला गेल्या असतील, असं मॅनेजर म्हणाले. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीकच असणार, असं मीही म्हणणार होते. मी घास खाली ठेवला आणि नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"हॅलो," अक्का म्हणाल्या. आवाज ठणठणीत.

"अक्का, बऱ्या आहात ना? लाल झालं तरी तुमचा फोन नाही आला."

पलीकडे त्या हसल्या.

"मी बी खडा टाकलता," त्या म्हणाल्या. "घावला म्हणायचा. जेव आता."